अचानक सहलीची पूर्वतयारी

माणसाच्या आयुष्यात अचानक घडणाऱ्या गोष्टींना फार मोलाचं स्थान आहे, आणि म्हणूनच त्या योग्य वेळी, योग्य स्थळी आणि संबंधितांना पुरेशी पूर्वसूचना देऊन घडाव्यात, याबद्दल विचारी माणसांत दुमत नाही. लहान मुलांना घेऊन काढायची वसंतातली अचानक सहल ही त्यातली सर्वांत नाजूक बाब. नवी मुंबईतल्या शंभर अचानक सहलींपैकी नव्वद आठवडाभर आधी ठरतात, असा जाणकारांचा अंदाज आहे. उरलेल्या दहा पुढे ढकलल्या जातात (बहुधा धाकट्याला सर्दी होते).

उदयसिंह खांदेश्वरला राहतो आणि बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. त्याला या विषयात लक्ष घालावं लागलं ते पालकसभेमुळे. त्याची मुलगी राजलक्ष्मी पहिलीत आहे. तिच्या संघप्रिया मिस सभेत म्हणाल्या, "पालकांनो, मुलांना कधीतरी अचानक बाहेर न्या. चेहरा कसा फुलतो ते बघा." आणि समोरच बसलेल्या राजलक्ष्मीला त्यांनी विचारलं, "तुला नेतात का गं बाबा असं अचानक?"

राजलक्ष्मी उठून उभी राहिली. "नाही मिस. आमचे बाबा आधी कळवतात."

सगळी सभा हसली. उदयसिंहही हसला, कारण सभेचा सूर तसा होता. पण ते त्याला फार लागलं. आपल्या पोरीने एकदा तरी, आपल्यामुळे, डोळे विस्फारून 'आँ!' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा उरली. आणि इच्छा झाली की तिच्यावर रीतसर कार्यवाही सुरू करायची, हा त्याचा नोकरीतला शिरस्ता होता.

स्थळ म्हणून नेरूळचं तळं नक्की झालं. फाल्गुनात तिथे फ्लेमिंगो येतात. भरतीच्या वेळी तळ्यात, ओहोटी लागली की परत खाडीत. पक्षीसुद्धा वेळापत्रकाने वागतात हे कळल्यावर उदयसिंहला त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटू लागला. रविवारी भरती सकाळची होती. त्याआधी आपण सहज निघायचं. 'चला रे, सहजच कुठंतरी जाऊन येऊ' हे वाक्य सहज वाटेपर्यंत त्याने गाडी पुसताना म्हणून पाहिलं (सोसायटीचा वॉचमन प्रत्येक वेळी "कुठे, साहेब?" म्हणून उठून उभा राहिला).

बाब अत्यंत गोपनीय होती. म्हणून ती फक्त बायकोला, सुनयनाला, सांगितली. सुनयनाने ती फक्त सासूबाईंना, बाळाबाईंना, सांगितली, कारण डबा कोण करणार? आणि बाळाबाईंनी ती फक्त साताऱ्याला आपल्या भावाला, हौसेरावांना, कळवली. घरातलं माणूस उंबऱ्याबाहेर पडणार असेल तर गावी कळवायचं, ही त्यांची रीत. पनवेलला चष्मा करायला गेल्या तरी त्या आधी हौसेरावांना फोन करत. शनिवारी हौसेरावांनी आपणहून फोन केला आणि ते नातीशी बराच वेळ बोलले. अभ्यासाचं विचारत असतील, असं उदयसिंहने गृहीत धरलं.

अचानक निघताना जे सामान लागतं, ते त्याने चोरपावलांनी डिकीत नेऊन ठेवलं होतं: मुलांच्या कपड्यांचे जादा जोड, तीन वर्षांच्या रणजीतची शीची खुर्ची, टोप्या, दुर्बीण, डासांचं मलम, चटई, तापाचं औषध आणि एक छत्री (फाल्गुनात पाऊस पडत नाही, पण आपण अचानक वागायचं ठरवल्यावर पावसाने का वागू नये?).

रविवारी सकाळी उदयसिंहने पेपर बाजूला ठेवला, खिडकीबाहेर पाहिलं आणि तो म्हणाला, "चला रे, सहजच कुठंतरी जाऊन येऊ!"

राजलक्ष्मीचे डोळे मोठे झाले. भुवया कपाळात गेल्या. दोन्ही हात गालांवर आले. "आँ! आज? अचानक?"

उदयसिंहला भरून आलं. भरून आल्यामुळे, ती वेणीफणी करून, बूट घालून, टोपी मांडीवर घेऊन बसली आहे, हे त्याच्या नजरेतून सुटलं.

"आरं, थांब की जरा," आतून बाळाबाई म्हणाल्या. "पुऱ्यांचा येक घाणा ऱ्हायलाय. पोरांस्नी उपाशी न्यायचं व्हय?"

घाणा झाला. मग रणजीतला शी लागली. मग त्याचे कपडे बदलायचे झाले आणि जादा जोड डिकीत होते. तिकडे खाडीतलं पाणी आपल्या वेळेने उतरू लागलं.

नेरूळ जवळ आलं तेव्हा रणजीत ओरडला, "शू!" गाडी थांबवावी लागली. रस्त्याकडेला सावर लालभडक फुलली होती आणि तिच्या पलीकडे एक जेसीबी रस्ता खोदत होता. रणजीतची शू उभ्या उभ्या, चड्डीतच झाली. त्याला पत्ताही लागला नाही. राजलक्ष्मीने हात गालांवर नेले नाहीत. ती नुसती बघत राहिली, तोंड वासून. जेसीबीने सोंड खाली टाकून मातीबरोबर ओंजळभर लाल फुलं उचलली, तशी ती दोघं किंचाळत नाचायलाच लागली.

"बाबा, अजून एक खड्डा!"

"बिलकूल नाही," उदयसिंह घड्याळ बघत म्हणाला. "आपल्याला मजा करायला जायचंय."

तळ्यावर गाडी लावायला जागा नव्हती. अचानक आलेली बरीच कुटुंबं चटया अंथरून आधीच बसली होती. ओहोटी लागल्यामुळे फ्लेमिंगो खाडीत निघून गेले होते. चिखलात एक बगळा होता, तोही पाठ करून उभा. उदयसिंहने फोन काढला आणि राजलक्ष्मीने, न सांगता, सकाळचा चेहरा केला. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो गेला: 'आज अचानक ठरलं!' चौथ्या मजल्यावरच्या अभयचं लगेच उत्तर आलं: 'वा! आम्ही पण इथेच. अचानक.'

परत येताना राजलक्ष्मी म्हणाली, "बाबा, पुढच्या अचानकला जेसीबी ठेवाल?"

सूचना रास्त होती. उदयसिंहने सावरीपाशी गाडी थांबवून जेसीबीच्या ड्रायव्हरला विचारलं, "पुढच्या रविवारी इथेच असाल ना?"

"काय सांगू, साहेब? सकाळी फोन येतो, खोदा म्हणून. कुठं ते पण तवाच कळतं."

"म्हणजे आधी काहीच ठरलेलं नसतं?" उदयसिंहचे डोळे आपोआप मोठे झाले. त्याला या माणसाचा फार हेवा वाटला.

संध्याकाळी तो टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे निघाला आणि दारात थबकला. आतल्या आरशासमोर राजलक्ष्मीने रणजीतला स्टुलावर उभं केलं होतं.

"असं नाय रे! आधी डोळे मोठे, मग हात. हौसेराव आजोबांनी फोनवर सांगितलं ना मला, बाबा 'चला रे' म्हणाले की लगेच असं करायचं. आता पुढच्या वेळी तुला पण करायला लागेल. नायतर बाबांना वाईट वाटतं."

उदयसिंहला लाज वाटली, आणि पोरीची माया अशी दाटून आली की तिला आत जाऊन उचलून घ्यावंसं वाटलं. पण तसं आधी ठरलेलं नव्हतं. तो टॉवेल धरून तिथेच उभा राहिला.

वाचकांना यात हसू आलं असेल तर आमची हरकत नाही. फक्त हसून झालं की आपल्या घरातल्या आरशासमोर आत्ता कोण उभं आहे, तेवढं बघून या. मात्र पाऊल न वाजवता जा; तुमची चाहूल लागली, तर मुलं लगेच डोळे मोठे करतील.