ब्रोकोलीचा अपराध

"पिझ्झा ही भाजी आहे का?"

हा प्रश्न भर सभेत, माइकसमोर उभं राहून, अजिबात न हसता विचारायचा, अशी पैज विनी क्राउसला तिच्या दोन मैत्रिणींनी घातली होती. जिंकली तर त्यातली एक, पेटन, महिनाभर आपल्या वाटणीचं पुडिंग देणार होती. दुसरी शाल्मली जोशी. तिने काहीच कबूल केलं नव्हतं, कारण तिच्याकडे विनी दर गुरुवारी तशीही हटकून जेवायला जायची.

कुठल्याही समाजाची प्रगती तो काय खातो यावरून नव्हे, तर खाल्ल्याचं खापर कोणावर फोडतो यावरून ओळखावी. या कसोटीवर ओहायोतलं ब्रायरटन हे गाव फारच पुढारलेलं होतं. त्या वसंतात शाळेत नववीच्या मुलांची एक मैल धावण्याची परीक्षा झाली. निम्मी मुलं चालत आली. काही बर्गरच्या दुकानावरून आली (दुकान वाटेत नव्हतं). आणि धावणं शिकवणारे सर गोल्फच्या गाडीतून आले. गाव हादरलं. पण हादरून गप्प बसणाऱ्यांतलं ते नव्हे. गावाने लगेच पाऊल उचललं: खाणं तसंच ठेवलं आणि समिती नेमली.

समितीला एकच काम होतं. मुलांच्या या अवस्थेला जबाबदार कोण ते शोधायचं आणि त्याला कामावरून काढायचं. ही अट लक्षात घेतली तर दोषी असा हवा होता, ज्याला काढता येईल. त्यामुळे सभेच्या आधीच गावभर एक नाव ठरलं होतं: लोरेटा क्राउस, शाळेच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख. म्हणजे विनीची आई. बाकीच्यांच्या पाठीशी कोणी ना कोणी होतं. आईच्या पाठीशी फक्त तळणीचं यंत्र होतं. (तेही शाळेचंच. मुलांनी दारोदार चॉकलेटं विकून व्यायामाच्या यंत्रांसाठी वर्गणी जमवली होती. त्या पैशांतून घेतलेलं हे पहिलं यंत्र.)

सभा शाळेच्या जिममध्ये भरली. दारातच डोनटची खोकी मांडली होती. आता, ब्रायरटनमध्ये अख्खा डोनट कोणीही खात नाही. तिथली माणसं संयमी आहेत. ती सुरीने डोनट कापतात, "मला बाई अर्धाच!" म्हणतात, अर्धा खातात, आणि उरलेला अर्धा वाया जाऊ नये म्हणून दोन मिनिटांनी परत येतात. अशा रीतीने सगळी खोकी रिकामी झाली आणि सबंध गावात एकाही माणसाने डोनट खाल्ला नाही.

मग प्रत्येकाला तीन मिनिटं मिळाली.

बाटलीतल्या फसफसत्या सरबताच्या कंपनीचे गृहस्थ म्हणाले, "आम्ही नुसतं विकतो हो. कोणाच्या घशात ओततो का?" (शाळेच्या मैदानातल्या गुणफलकावर त्यांच्याच बाटलीचं चित्र होतं, म्हणून टाळ्या पडल्या.) पालकांच्या वतीने एक बाई म्हणाल्या, की आम्ही नवरा-बायको दोघंही राबतो, गाडीतून न उतरता बर्गरच्या दुकानाच्या खिडकीत जे मिळतं तेच घरी नेतो, तेव्हा दोष खिडकीचा. डॉक्टर म्हणाले, "सगळे नीट खायला लागले तर मी बरं कोणाला करू?" हा मुद्दा समितीला फार विचार करायला लावणारा वाटला. पाद्रीबाबांनी सांगितलं की जेवणाआधी ते प्रार्थना म्हणतात, तेव्हा डोळे मिटलेले असतात, ताटात काय आहे ते त्यांना आजवर दिसलेलंच नाही.

अध्यक्ष ऑर्डवेबाईंनी बोटांवरची साखर पुसली. "म्हणजे क्राउसबाई, उरलात तुम्हीच."

विनीची आई उठली. तिने इस्त्रीचा निळा ब्लाउज घातला होता. "पण मी रोज ब्रोकोली देते हो मुलांना! स्वतः उकडून!"

"आणि खातं कोण ती?"

आई खाली बसली.

"ए, ऊठ ना!" पेटनने कोपर मारलं. "घाबरलीस ना? माहीतच होतं मला."

"घाबरतंय कोण?" असं म्हणत विनी माइककडे निघाली. आईचा चेहरा बघितल्यावर तिचं हसू आपोआपच पळालं होतं, त्यामुळे पैजेचा अवघड भाग आधीच उरकला.

"पिझ्झा ही भाजी आहे का?"

कोणी हसलं नाही. ब्रायरटनमध्ये अशा प्रश्नांवर हसत नाहीत, वकिलाला विचारतात. शाळेचे वकील उभे राहिले. पिझ्झावर सॉस असतो. सॉस टोमॅटोचा असतो. टोमॅटो मळ्यात होतो. जे मळ्यात होतं ती भाजी. मग बटाट्याच्या तळलेल्या काड्या? भाजी. वेफर्स? वाळवलेली भाजी. केचप? पातळ भाजी. सरबताचा गोडवा मक्याच्या पाकाचा, म्हणून तेही भाजी, बुडबुड्यांसकट. (इथे कंपनीच्या गृहस्थांचे डोळे पाणावले.)

"याचा अर्थ," ऑर्डवेबाई सावकाश म्हणाल्या, "आपली मुलं इतकी वर्षं भाजीशिवाय काहीच खात नव्हती?"

"आणि ती कोण वाढत होतं?" विनीने विचारलं. हे पैजेत नव्हतं.

सगळे आईकडे बघायला लागले. एवढ्या आदराने तिच्याकडे तिच्या लग्नातही कोणी बघितलं नव्हतं.

पण दोषी तर हवाच होता, नाहीतर डोनट फुकट गेले असते. समितीने बराच विचार केला. ताटात अशी कोण होती, जी रोज यायची, कधीच खाल्ली जायची नाही, आणि आपल्या हिरव्या तोंडाने समस्त भाज्यांची बदनामी करायची? शिवाय जिच्या बाजूने बोलायला कोणीही आलं नव्हतं? ठराव एकमताने झाला. ब्रोकोलीला शाळेतून काढून टाकण्यात आलं. विनीच्या आईची नोकरी राहिली, आणि वर तिला आणखी मोठं तळणीचं यंत्र मिळालं.

हा आनंद घरी तळलेल्या कोंबडीची बादली आणून साजरा झाला. बाबांना डॉक्टरांनी जपून खायला सांगितलं होतं, म्हणून ते बादली मांडीत जपून धरून खात होते.

"आई, बाबा, ऐका," विनी म्हणाली. अजिबात न हसता. "मी ठरवलंय. उद्यापासून उपवास करणार."

आईच्या हातातली तंगडी गळून पडली. "उपाशी राहणार? अगं, आत्ता कुठे माझी नोकरी वाचलीये! लोक काय म्हणतील?"

"उपाशी कोण राहतंय? शाल्मलीची आई दर गुरुवारी करते. तिला विचारून आलेय मी. फक्त पोळी आणि भात चालत नाही. बटाटा चालतो, तळून तर जास्तच चालतो. वेफर्स चालतात. शेंगदाणे, साखर, तूप, आइस्क्रीम, सगळं देवाला मान्य आहे. साबुदाण्याचे तळलेले वडे असतात, ते मी मागच्या गुरुवारी मोजायचेच सोडून दिले. आणि संध्याकाळी काकू सोफ्यावर बसून म्हणतात, 'सकाळपासून पोटात काही नाही गं माझ्या!' बाबा, विचार करा. या घरात इतकी वर्षं नुसते उपवास चाललेत, आणि देवाला कोणी कळवलंच नाही!"