चौथा फोटो

फ्रेमवाल्यांना नवा फोन आवडला, पण त्याची भिंत काही पसंत पडली नाही.

"एवढी मोठी जागा, आणि सगळं खाली कोपऱ्यात कोंबलंय," ते सुनेला म्हणाले. "वर घड्याळ लाव की एखादं. फोटो लाव."

जन्मभर लोकांच्या भिंतींसाठी तसबिरी मढवणारा माणूस. त्याला फोनच्या पडद्यातही भिंतच दिसणार. सून दुकानातल्या स्टुलावर बसली आणि तिनं पडद्यावरच्या रिकाम्या जागी बोट दाबून धरलं. खालून 'विजेट' असा शब्द वर आला. त्याला हात लावल्याबरोबर घड्याळं, हवामान, कॅलेंडर अशी लांबच लांब यादी उलगडली. लाकडी पट्ट्यांचे नमुने बघावेत तशी फ्रेमवाले ती यादी बघत राहिले.

"बाई गं! हे सगळं आतच होतं?"

"शोधावं लागतं, बाबा. हवं ते बोटानं धरायचं, उचलायचं आणि आणून ठेवायचं."

"आणि खिळा?"

"खिळा नाही लागत."

बिनखिळ्याच्या कामावर फ्रेमवाल्यांचा विश्वास नव्हता. घड्याळ जागेवर बसताच त्यांनी एक डोळा मिटून ते तपासलं. ही त्यांची नजर म्हणजे खरोखर देवाची देणगी होती. कोणाच्याही घरात पाऊल टाकलं आणि भिंतीवरची तसबीर केसभर कललेली असली, की यांची मान आपोआप कलायची. यजमानांना वाटायचं, पाहुण्यांची मान आखडली आहे.

"सरळ आहे," ते नाइलाजानं म्हणाले. "आता फोटो."

'संपर्क' नावाखाली सुनेला छोटे, चौकोनी, चेहरे दाखवणारे विजेट सापडले. विजेटचं स्वतःचं नाव खाली बारीक अक्षरांत होतं, ते तिनं वाचलं नाही. तिनं भराभर नवऱ्याचा, नणंदेचा आणि स्वतःचा फोटो ओळीत लावला. तरी शेवटी एक जागा रिकामी राहिलीच.

"चौथा लाव. भिंत लंगडी दिसतेय."

"आता फोटो असलेलं नाव फक्त थोरल्या काकांचं उरलंय," सून चाचरत म्हणाली.

थोरले काका म्हणजे फ्रेमवाल्यांचे दादा, धंद्यानं गवंडी. आईवडिलांचा फोटो फ्रेमवाल्यांनी स्वतः मढवून दादानं स्वतः बांधलेल्या नव्या घरात लावला, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर दादा म्हणाला, "फ्रेम वाकडी झालीय रे." त्यावर फ्रेमवाले म्हणाले, "फ्रेम नाही, तुझी भिंत वाकडी आहे." गवंड्याला त्याच्या स्वतःच्या घरात असं बोलल्यावर दुसरं काय होणार? वर्ष उलटून गेलं तरी दोघांत अबोला होता. जो आधी फोन करेल त्यानं आपलं काम वाकडं असल्याचं कबूल केलं, असं दोघांनीही मनाशी धरलं होतं. फोन काही कोणी केला नव्हता.

"लाव," फ्रेमवाले दुसरीकडे बघत म्हणाले. "भिंतीसाठी म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर फ्रेमवाल्यांनी रोजच्याप्रमाणे काचा पुसायला घेतल्या. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी अंगठ्यानं दाबून डाग बघायचा, मग "हाः" करून काचेवर वाफ सोडायची, मग मऊ फडक्यानं गोल गोल पुसायचं. त्यांनी पुसलेली काच गिऱ्हाईक हात लावून बघत असे, आत काच आहे ना याची खात्री करायला. त्याच ओघात त्यांनी फोनही हातात घेतला.

मुलाच्या फोटोवर अंगठा दाबला, आणि चमत्कारच झाला. फोटो मोठा होऊन पडदाभर पसरला.

"वा! पुसलं की कसा उजळतो बघा!" असं म्हणत त्यांनी मनापासून "हाः" केलं. फडकं फिरताच फोटो परत लहान झाला. मग लेकीला पुसलं. मग सुनेला. शेवटी चौथ्या फोटोपाशी अंगठा थोडा घुटमळला, पण घाण काच ठेवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

थोड्याच वेळात मुलगा ऑफिसातून, तर सून दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवरून दुकानात येऊन थडकली. दोघांनाही धाप लागली होती.

"बाबा, तुम्हाला श्वास लागलाय का?"

"मला? तुम्हालाच लागलाय."

"तुमचा फोन आला," मुलगा म्हणाला. "मी हॅलो हॅलो करतोय आणि तुम्ही नुसतं हाः, हाः! ताई तिकडे वर्ग सोडून रडतेय."

"मी कोणाला फोन केला नाही. मी फक्त तुम्हाला पुसलं."

सुनेनं फोन घेतला, यादी पुन्हा उघडली आणि विजेटचं नाव या वेळी नीट वाचलं. तिनं कपाळावर हात मारला. "डायरेक्ट डायल आहे हे! फोटोला हात लावला की थेट फोन लागतो. बाबा, माझंच चुकलं."

फ्रेमवाले हसले. मग हसता हसता थांबले. त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"म्हणजे... चौथ्यालासुद्धा?"

"चौथ्यालासुद्धा."

"काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ! आणि त्याला कळव, मशीन बिघडलं म्हणून. माझी फ्रेम सरळ आहे!"

सुनेनं बोट पडद्यावर ठेवलं, तेवढ्यात दारात सावली पडली. दादा उभा होता. घाईत त्यानं शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली होती. फ्रेमवाल्यांची मान लगेच कलली, पण त्यांनी ती निग्रहानं सरळ केली.

"तुझा फोन आला," दादा म्हणाला. "काही बोलला नाहीस. नुसता केवढा मोठा उसासा टाकलास! मग म्हणालास, 'काय रे दादा, किती धूळ बसलीय तुझ्यावर.'" दादानं हातानं चेहरा पुसला. "खरंच बसली होती रे."

मुलानं सुनेकडे पाहिलं. सुनेनं बाबांकडे पाहिलं. 'चुकून लागला' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. फ्रेमवाल्यांची इभ्रत आणि त्यांची फ्रेम, दोन्ही त्या दोन शब्दांनी वाचली असती.

"हो दादा," ते म्हणाले. "मीच केला फोन. फ्रेम वाकडीच होती."

धन्य तो माणूस! त्याला हे वाक्य किती जड गेलं असेल, ते त्याच्या दुकानात एकदा तरी गेलेल्यालाच कळेल.

"गप्प बस," दादा खेकसला. "तू गेल्यावर त्याच संध्याकाळी मी ओळंब्याची दोरी सोडून भिंत तपासली होती. भिंत सूतभर बाहेर आहे. सांगायला तोंड नव्हतं."

"शक्यच नाही! तू बांधलेली भिंत? फ्रेमच वाकडी."

"भिंत वाकडी म्हणतोय ना मी!"

"फ्रेम!"

वर्षभराचं भांडण तोंडं बदलून नव्यानं सुरू झालं. मुलगा चहा सांगायला गेला. सून विजेट काढू लागली, तेव्हा दोन्ही म्हातारे एकदम ओरडले, "राहू दे!" मग दादानं खिशातून आपला फोन काढून हळूच तिच्यापुढे धरला. "माझ्याही भिंतीवर याला लाव. मधोमध."

दुसऱ्या दिवशी सकाळी सून जाता जाता दुकानात डोकावली. काचा लखलखत होत्या. फ्रेमवाले मात्र फोन कानाला लावून वैतागले होते.

"सारखं तेच. समोरची व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे म्हणे."

"थोड्या वेळानं लावा, बाबा."

"मघापासून लावतोय." त्यांनी फोन खाली ठेवला, चौथ्या फोटोकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तोही तिकडे मलाच पुसत बसलाय वाटतं."