बॅटऱ्यांचे कंपाउंडर

गावंडेकाकांच्या घरी कूलर एकच आहे आणि त्याच्यासमोर तीन बॅटऱ्या बसतात. अकोल्याच्या मे महिन्यात काका स्वतः डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन ओसरीत असतात. विचारलं तर म्हणतात, "मले घाम तरी येते. त्यायले येत नाही, त्या कशा सोसतीन?"

या बॅटऱ्या रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या. हेलिकॉप्टर त्यांच्या मुलीचं, कल्याणीचं. अमरावतीला इंजिनिअरिंग शिकताना तिनं ते जोडलं आणि पुण्याला नोकरीवर जाताना वडिलांच्या हवाली केलं. काकू आधीच गेलेल्या, घरात दुसरं कोणी नाही. काकांची सारी नोकरी बाळापूरला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून झाली, त्यामुळे बॅटऱ्यांचं ते दुखणंच काढतात. प्रत्येकीचा केसपेपर आहे. रोज सकाळी तिघींच्या पोटावरून बोट फिरवून फुगल्या का ते पाहतात.

चार्जिंगला लावली की रेतीची बादली शेजारी घेऊन बसतात, जागचे हलत नाहीत. आमच्या वास्तूच्या जेवणाला बोलवायला गेलो, तर दारातूनच परत पाठवलं. "बॅटरी लागून हाय. माहं ध्यान हटलं अन् ते पेटली, तं तुमचंबी घर जाईन." घर नवंकोरं होतं. मी आल्या पावली परत फिरलो.

"पोटभर ठेवली तं फुगते, उपाशी ठेवली तं मरते. अर्धपोटीच ठेवा लागते," हे ते दूधवाल्यालाही सांगतात. दूधवाल्याला वाटतं म्हशीबद्दल चाललंय, आणि त्याला ते मुळीच पटत नाही. तिन्ही पूर्ण भरायच्या त्या फक्त कल्याणी यायच्या आदल्या दिवशी.

आम्ही राहतो मागच्या गल्लीत. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी मोकळ्या प्लॉटच्या भिंतीच्या वर हेलिकॉप्टर उडताना दिसायचं. "आली वाट्टे पोरगी," बायको म्हणायची. आमचा मुलगाही पुण्यालाच. फोनवर कल्याणीचे दाखले देऊन देऊन आम्ही त्याला पार हैराण केलं होतं.

परवाच्या रविवारी ते पुन्हा दिसलं, तशी बायकोनं माझ्या हाती तिच्यासाठी भरताचा डबा दिला. जाऊन पाहतो तर प्लॉटवर काका एकटेच. हेलिकॉप्टर भिंतीच्या हातभर वर, एकाच जागी थरथरत उभं.

"कल्याणी कुठी हाय?"

"नाही आली. काम निघालं म्हणे." काकांची नजर वरच होती. "म्हणून तं उडवून राहिलो. कालच तिन्ही भरल्या होत्या. आता अर्ध्यावर आणा लागते ना."

"मांगच्या महिन्यात आली होती ना पण?"

"नाही. तवाबी मीच होतो. दिवाळीपासून येणंच नाही झालं तिचं."

म्हणजे दिवाळीपासून जितक्या वेळा हेलिकॉप्टर उडालं, तितक्या वेळा पोरगी आलेली नव्हती. मला फार वाईट वाटलं. डबा हातात धरून मी उगाच शहाणपण केलं.

"काका, पोरगी घरी आल्यावरच लावत जा ना चार्जिंगले. तासाभराचं तं काम."

काकांनी हेलिकॉप्टर सावकाश उतरवलं. बॅटरी काढून तळहातावर घेतली, तापली का पाहिली.

"तो तास जाते ना भाऊ," ते म्हणाले. "पोरगी राह्यतेच दीड दिवस."