खुणेच्या वर

शिर्के सर माणसाला नावाने हाक मारत नसत, वजनाने मारत. मी स्कॅन सेंटरच्या काउंटरवर बसते. सकाळी दारातून आत येता येताच ते म्हणायचे, "काय चोपन्न, मुंबईहून औषध आलं का?" एका दिवाळीनंतर "काय छप्पन्न" म्हणाले, तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. राग याचा, की घरच्या काट्यावरही छप्पन्नच भरले.

आता सर सेंटरवर येत नाहीत, गुडघ्यांनी त्यांना घरी बसवलंय. पण काउंटरशी कुणी नवीन आलं, की मी अजून मनातल्या मनात आकडा लावते. बहुतेक चुकतो.

सर मूळचे रत्नागिरीचेच. सगळी नोकरी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात, किरणांच्या डोसवर देखरेख करणारे फिजिसिस्ट म्हणून. निवृत्त होऊन एकटेच गावी परतले, तेव्हा मिरजोळ्याच्या आमच्या सेंटरमध्ये नुकताच गॅमा कॅमेरा बसला होता. पेशंटच्या शिरेत किरणोत्सर्गी औषध टोचायचं, ते हाडांत मुरलं की त्याला कॅमेऱ्याखाली झोपवायचं, मग आतून येणाऱ्या किरणांचं चित्र उमटतं. औषध जास्त दिलं की चित्र झटपट येतं. कमी दिलं की पेशंटला जास्त वेळ पडून राहावं लागतं. आमच्याकडे मुंबईच्या मापाचा सरसकट एकच डोस चालायचा, अर्थात जास्तीचा.

सरांनी पहिल्याच आठवड्यात डॉक्टर मॅडमना गाठलं. "मॅडम, मुंबईच्या पोटांचं माप आमच्या बरगड्यांना कशाला?"

"चित्रं चांगली येतायत ना, सर?"

"येतायत. पण कमीत येत असतील तर उगाच कशाला टोचायचं माणसाला?"

मग डोस वजनावर ठरू लागला आणि सुरू झाला वजनकाट्याचा जाच. "चपला काढा. मोबाइल काढा. किल्ल्या काढा." बायका पदर सावरत काट्यावर चढायच्या आणि आधी आजूबाजूला कोण आहे ते बघायच्या. जहाजावरची नोकरी संपवून आलेले एक काका म्हणाले, "सत्तर लिहा हो, गेली कित्येक वर्षं सत्तरच आहे." काटा ब्याण्णववर जाऊन थांबला. काका जराही न लाजता म्हणाले, "बोटीवर कमी भरतं."

कितीतरी महिने सर प्रत्येकाचं वजन आणि डोस जमवत बसले. मग किलोमागचे सगळे डोस चढत्या क्रमाने मांडून मधला काढला आणि ती आमच्या सेंटरची खूण ठरवली. "ही मर्यादा नव्हे हं," ते आम्हाला बजावायचे. "खुणेच्या वर गेलात तर थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, का गेलो?" सांगायचे असं, पण कुणी खुणेच्या केसभर वर गेलं की त्यांचाच चेहरा घरात चोर शिरल्यासारखा व्हायचा. मॅडम कंटाळून म्हणायच्या, "सर, भाजीत मीठ तरी आम्ही आमच्या मनाने घालायचं ना?"

अशात लांज्याकडच्या एका खेड्यातून यमुनाबाई आल्या. साठीच्या आसपासच्या, अगदी काटकुळ्या. बरोबर सून आणि सुनेच्या कडेवर तान्ही नात. यमुनाबाईंची कंबर महिनोन् महिने दुखत होती आणि आजार हाडात पसरलाय का, हे बघायचं होतं. टोचण्याआधी सर प्रत्येकाला टेबलावर पडून दाखवायला सांगत. यमुनाबाई आडव्या झाल्या आणि लगेच कण्हत उठून बसल्या.

"मना नाय जमायचा वो. पाठ टेकली की जीव जातो."

सर मॅडमच्या खोलीत गेले. "यांना जास्त देऊ या. निम्म्या वेळात उरकेल."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे कोण बोलतंय? तुमच्या खुणेच्या वर जाईल, सर."

"जाऊ दे."

मॅडमनी मान डोलावली. नोंद माझ्याकडे होती. मी विचारलं, "कारण काय लिहू?"

"लिहा," सर म्हणाले, "दुखतंय."

स्कॅन दुपारी झाला, निम्म्या वेळात आणि एकदाच. आजार पसरलेला नव्हता. पण माझ्या लक्षात राहिलंय ते त्याआधीचं.

टोचल्यावर तीन-एक तास थांबावं लागतं आणि अंगातून किरणं येत असतात म्हणून तेही वेगळ्या खोलीत. नातीला जवळ घ्यायचं नाही म्हटल्यावर यमुनाबाईंचा चेहरा उतरला. सून मुलीला घेऊन बाहेर गेली. तेव्हा सरांनी एक खुर्ची ओढली, त्या खोलीच्या दाराबाहेर ठेवली आणि बसले. पेशंटशी गप्पा मारत बसलेलं मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

भातशेतीच्या, वानरांच्या गोष्टी झाल्या. मग यमुनाबाईंनी विचारलं, "तुमच्या घरात कोन कोन हाय?"

"मी एकटाच. बायको होती. तिचाही हाच स्कॅन झाला होता, आमच्याच इस्पितळात. डोस मीच सुचवला. अगदी नेमका, कमीत कमी. तिला तेवढा वेळ पडवेना. ती हलली. सगळं पुन्हा करावं लागलं."

"वरडली आसल तुमच्यावर."

"ओरडली असती तर बरं झालं असतं. 'तुमचं मोजून झालं की सांगा' म्हणाली आणि हसली."

यमुनाबाई म्हणाल्या, "चांगली व्हती म्हनायची."

"हो," सर म्हणाले. "चांगली होती."

जेवणाची वेळ झाली तसं मी डबे मांडले आणि सरांना हाक मारली. ते जागचे हलले नाहीत.

"तुम्ही घ्या जेवून," ते हळूच म्हणाले. "त्यांना एकटं वाटेल."