पालखीचा जवळचा रस्ता

निलेशनं मरोळच्या कंपनीतली नोकरी सोडून घाटकोपरच्या भटवाडीत, स्वतःच्याच घरात, खिडकीजवळच्या टेबलावर सॉफ्टवेअरचा धंदा मांडला त्याला पाच महिने झाले होते. या पाच महिन्यांत त्यानं धंद्याचं नाव ठरवलं, ते बदललं, कार्डं छापून आणली आणि प्रांजलचे, म्हणजे बायकोचे, तीन ऑनलाइन फॉर्म भरून दिले. याखेरीज काम म्हणून काही आलं नव्हतं. शेजारचे लोक एकमेकांना सांगायचे, "तो घरीच असतो हल्ली," आणि सांगताना आवाज असा खाली आणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं याला कावीळबिवीळ झाली असणार.

शेवटी पहिलं काम आणलं ते वडिलांनी. धाकू चौऱ्याहत्तर वर्षांचे, गिरणीत आयुष्य गेलेलं, आणि सडेवळी ग्रामविकास मंडळ, मुंबई, याचे सर्वांत जुने सभासद. शिमग्याला कोकणातल्या सडेवळी गावची पालखी घरोघर फिरते. गावात शहाण्णव घरं, त्यातल्या ऐंशींना वर्षभर कुलूप, कारण माणसं सगळी मुंबईत. पालखीसाठी ती गाडी धरून गावी जातात, घर झाडतात, आणि मग पालखी आज येते की परवा, याची वाट बघत पायरीवर बसतात. काहींची रजा संपते आणि पालखी न बघताच त्यांना परतीची गाडी धरावी लागते. धाकूंनी सभेत उठून सांगितलं की माझा मुलगा प्रत्येकाच्या मोबाइलवर वेळ पाठवील. मंडळाचे अध्यक्ष चंद्रप्रकाश गावकर, साकीनाक्याला वेल्डिंगचं वर्कशॉप असलेले जाडजूड गृहस्थ, म्हणाले, करून टाक.

निलेशला याच्याहून सोपं काम मिळालं नसतं. मरोळच्या कंपनीत नऊ वर्षं त्यानं एवढंच केलं होतं: शंभर घरी शंभर पार्सलं पोचवायची असतील तर कोणत्या क्रमानं गेल्यास रस्ता सर्वांत कमी पडतो, ते यंत्राकडून काढून घ्यायचं. घरांची यादी वडिलांनी दिली. खाटेवर बसून, डोळे मिटून, धाकू मनातल्या मनात अख्खं गाव पायी फिरले आणि एकेक घर सांगत गेले. फोन नंबर त्यांच्या खिशातल्या डायरीत होतेच. निलेशनं घरं नकाशावर टाकली, यंत्राला सांगितलं काढ रस्ता, आणि तीन दिवस चालणारी पालखी अकरा तासांत बसवली.

तो इतका खूश झाला की त्यानं प्रांजलला जेवणावरून उठवून स्क्रीन दाखवली. तिनं विचारलं, "बाबांना दाखवलंस?"

"त्यांना काय कळणार त्यातलं," निलेश म्हणाला.

कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की पालखी रस्त्यानं चालत नाही, मानानं चालते. पहिला मान गावकरांचा, मग दुसऱ्या घराचा, मग तिसऱ्याचा, चौथा धाकूंच्या घराचा. मधे ओढा असो की डोंगर, पालखी आधी मानकऱ्याकडे जाते आणि मग तोच डोंगर उतरून पुन्हा मागे येते. पण निलेश घाटकोपरात वाढलेला. लहानपणी दोनदा शिमग्याला गेला, त्यातल्या एकदा तापानं झोपून होता. पुढे कंपनीनं कधी रजा दिली नाही. वडील शेजारच्या खोलीत बसलेले असताना त्यानं बटण दाबलं आणि शहाण्णव मोबाइल वाजले.

संदेशही सवयीनं हातातून उतरला तसाच गेला होता. "आपली पालखी मार्गस्थ होईल. आपला क्रमांक अमुक, वेळ अमुक. घरी कोणी नसल्यास पालखी शेजाऱ्यांकडे दिली जाईल."

पहिला फोन पाच मिनिटांत आला, आणि तो आनंदाचा होता. असल्फ्याला राहणाऱ्या शेवंतीकाकू. निलेशला त्या आठवत नव्हत्या. त्यांनी आधी विचारलं की तू धाकूभावजींचा मुलगा ना, मग विचारलं की हे खरं आहे का. त्यांना संदेश आला होता: क्रमांक एक, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. निलेशनं नकाशा बघितला. त्यांचं घर देवळाच्या पायऱ्यांखालीच होतं, पहिलं येणारच. तो म्हणाला, "हो काकू, अगदी पक्कं. सिस्टिम चुकत नाही." त्यांनी वेळ पुन्हा एकदा विचारून घेतली. मग पालखीबरोबर माणसं किती असतात, चहा किती करावा, असं काहीबाही विचारून त्यांनी फोन ठेवला. निलेशला फार बरं वाटलं. पाच महिन्यांत कोणी त्याच्या कामावर इतकं खूश झालं नव्हतं.

बाकीचे फोन मग आले. चुलतभावाच्या आधी आपला नंबर लागला म्हणून एकाला आनंद झाला होता, आणि त्याच्या चुलतभावाला त्याच कारणानं रक्तदाब. एकानं विचारलं की देव आमच्या घरी फक्त चार मिनिटं थांबणार का, पाणी तरी पिऊ द्या त्याला. चंद्रप्रकाश गावकरांचा, पहिल्या मानाच्या घराचा, क्रमांक सत्तेचाळीस आला होता, दुपारी दोन पस्तीस. त्यांनी फोनवर फक्त रविवारी सभा आहे एवढं सांगितलं.

सभा महापालिकेच्या शाळेत, चौथीच्या वर्गात. सगळे थोर सभासद मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले. दीड तास निलेशची वाट लावण्यात गेला. शेजाऱ्यांकडे पालखी देण्याचं वाक्य तीन जणांनी तीनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. निलेशनं सांगितलं की क्रम बदलायला दहा मिनिटं लागतात, तुम्ही मानाची यादी द्या, मी तशी घालतो. वातावरण निवळलं, चहा आला. आणि मग चंद्रप्रकाशनी कागदावर बोट ठेवून विचारलं, "हे श्यामकांतचं घर यात कोणी घातलं?"

श्यामकांत म्हणजे शेवंतीकाकूंचे यजमान, वारून दहा वर्षं झालेली. बावीस वर्षांपूर्वी बांधावरून त्यांचं आणि चंद्रप्रकाशच्या वडिलांचं वाजलं. श्यामकांत गावच्या बैठकीत जे बोलले ते त्यांनी मागे घेतलं नाही, आणि त्या वर्षापासून पालखी त्यांच्या दारात गेली नाही, त्यांनीही घराला कुलूप लावलं ते लावलंच. देवळाच्या पायऱ्या उतरायच्या, त्यांच्या अंगणासमोर ढोल बंद करायचे आणि पुढे जायचं, अशी पद्धत पडली. हे सगळं निलेशला त्या बाकावर बसून पहिल्यांदा कळत होतं, तेही शेजारच्या माणसाच्या कुजबुजीतून.

धाकू उठले. बाकातून सुटायला त्यांना वेळ लागला. "मी गावातली घरां सांगलंय," ते म्हणाले. "तिचां घर गावात नाय काय?"

चंद्रप्रकाश शांतपणे म्हणाले की धाकूकाका, भलतंच काही बोलू नका, त्यांना कोणी वाळीत टाकलेलं नाही. "पालखी तिकडून जात नाही, इतकंच."

मग सगळे निलेशकडे बघायला लागले. वडीलही बघत होते. निलेशला कळत होतं की आपण काय म्हणायला हवं. पण हे पाच महिन्यांतलं पहिलं काम होतं, आणि या एका वर्गात कोकणातल्या निम्म्या मंडळांशी ओळख असलेली माणसं बसली होती. तो म्हणाला, "माझ्याकडूनच टाकताना चूक झाली. काढून टाकतो."

धाकू खाली बसले. घरी येताना भटवाडीचा अख्खा चढ ते मुलाच्या चार पावलं पुढे चालत राहिले.

आता काम एकच उरलं होतं: शेवंतीकाकूंना फोन करून सांगायचं. यंत्रातून घर काढायला निलेशला अर्धं मिनिट लागलं होतं. सोमवारी त्यानं ठरवलं की सकाळी त्या स्वयंपाकात असतील. मंगळवारी त्याला वाटलं, दुपारी झोपल्या असतील. प्रांजल रोज बँकेतून आल्यावर चप्पल काढायच्या आधी विचारायची, केलास का फोन. बुधवारी त्यानं वडिलांना सुचवून पाहिलं की तुम्हीच गावी जाताय तर तुम्हीच सांगा ना. धाकू पिशवी भरत होते. "तुजो निरोप मी कित्याक देऊ?" एवढंच म्हणाले. शेवटी गुरुवारी निलेशनं सॉफ्टवेअरवाल्या माणसाला शोभेल तेच केलं. संदेश पाठवला: "तांत्रिक कारणास्तव आपल्या घराची वेळ रद्द करण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

संदेशापुढे एकच खूण उमटली, दुसरी उमटेना. फोन लावला तर बंद. असल्फ्याला जाऊन आला तर शेजारीण म्हणाली, त्या तर मंगळवारीच गावी गेल्या, घर उघडायचंय म्हणाल्या, पालखी येणार आहे त्यांच्याकडे. बावीस वर्षं बंद असलेल्या घरात वीज कुठली असणार, आणि विजेशिवाय फोन कसा चार्ज होणार. प्रांजल म्हणाली, गाडी धर आणि जा, अजून दोन दिवस आहेत. तो म्हणाला, पालखीच्या दिवशी वेळा बदलायला मला इथं बसावं लागेल. ते खोटं होतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

पालखीच्या दिवशी निलेश सकाळपासून स्क्रीनसमोर होता. चंद्रप्रकाशच्या खिशातला फोन नकाशावर निळा ठिपका होऊन फिरत होता. आठ वाजून पाच मिनिटांनी ठिपका देवळातून निघाला, पायऱ्या उतरला, आठ दहाला शेवंतीकाकूंच्या अंगणासमोर आला आणि तसाच पुढे सरकला. यंत्रानं काढलेली वेळ मिनिटाला बरोबर होती. निलेशनं लॅपटॉप मिटला. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

पुढचं धाकूंनी परत आल्यावर सांगितलं, तेही प्रांजलला. शेवंतीकाकूंनी अंगण सारवलं होतं, शेजारच्या वाडीतून मोठं पातेलं मागून आणून साठ माणसांचा चहा केला होता आणि आरतीचं ताट घेऊन त्या आठ वाजल्यापासून उभ्या होत्या. ढोल बंद झाले, पालखी निघून गेली. धाकूंनी तिथंच खांदा दुसऱ्याला दिला आणि ते अंगणात जाऊन बसले. एकटेच. दोन कप चहा प्यायले. काकूंनी ताट हातातून खाली ठेवलं नव्हतं, म्हणून आपल्याला उठता येईना, असं ते म्हणाले. चौथ्या मानाच्या घरी, म्हणजे निलेशच्या घरी, पालखी पोचली तेव्हा दाराला कुलूप होतं. ओटी शेजाऱ्यांनी भरली.

काकू परत आल्यावर निलेश पुन्हा असल्फ्याला गेला. काय बोलायचं ते त्यानं रिक्षात बसून पाठ केलं होतं. शेवंतीकाकूंनी त्याला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. "बाबा, नुसता एक फोन केला असतास ना," त्या म्हणाल्या, "तर दूध तरी कमी घेतलं असतं रे मी." काकूंनी त्याच्यासाठी चहा टाकला आणि तो त्याला प्यावा लागला.

मंडळ मात्र खूश होतं. प्रत्येकाला आपापल्या मानानं वेळ मिळाली होती आणि कोणाची रजा फुकट गेली नव्हती. चंद्रप्रकाशनी चार मंडळांना निलेशचा नंबर दिला. पहिला फोन बोरिवलीहून आला, कोण्या सुशांतचा, शेजारच्या गावचा. तुमचं काम झकास आहे म्हणाला, आम्हालाही करून द्या. मग त्यानं विचारलं, एखाद-दुसरं घर त्यातून काढायची सोय आहे ना.

निलेश म्हणाला, "विचारून सांगतो."

धाकू खाटेवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला. "कोणाक इचारतलंस?"

निलेशनं बाहेर जाऊन सुशांतला परत फोन लावला आणि स्वच्छ सांगितलं की तशी सोय आमच्याकडे नाही. सांगून झाल्यावर त्याला महिनाभरात पहिल्यांदा हलकं वाटलं.

"अहो, मग हरकत नाही," सुशांत मोकळेपणानं म्हणाला. "ती घरं आम्ही यादीतच देणार नाही."

यादी संध्याकाळी आली. एकशे चौदा घरं. निलेशनं ती दोनदा वाचली, वडिलांना वाचून दाखवली, आणि सुशांतला लिहून विचारलं की गावात एकूण घरं किती आहेत. संदेशापुढे लगेच दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर चौथ्या दिवशी आलं. काम दुसऱ्या एकाला दिलंय, सुशांतनं लिहिलं होतं, तो फार विचारत नाही.