पेमिलुवाले सावजी सर

सावजी सर वाक्य पूर्ण बोलत, शब्द मात्र अर्धेच. शोषखड्ड्याला ते 'शोख' म्हणत, कुदळ-फावड्याला 'कुफा', आणि बटाट्याच्या रश्श्याला 'बरस'. आम्ही कॉलेजची पोरं बीबी गावाच्या पुढच्या एका खेड्यात दहा दिवसांच्या श्रमदान शिबिराला गेलो होतो. सकाळी सकाळी सर शाळेच्या ओट्यावरून ओरडत, "कुफा घ्या रे, शोख खणा!" गावची म्हातारी माणसं मला विचारायची, "मास्तर कोन्ती भाषा बोलून राह्यले बे?" मी सांगून टाकायचो, इंग्रजी. त्यांचं समाधान व्हायचं.

सर आम्हाला इंग्रजीच शिकवायचे. त्याआधी ते जाकार्तात एका सिंधी कापडवाल्याच्या पेढीवर कारकून होते. तिकडे कसे गेले, काऊन गेले, कोणालाच ठाऊक नव्हतं. विचारायची छातीही नव्हती, कारण जाकार्ता म्हटलं की तासभर गेलाच.

"इंग्रज शब्दाचं शेपूट छाटतो," सर सांगत. "एक्झामिनेशनची एक्झाम, लॅबोरेटरीची लॅब. बाकीचं फेकून देतो, माजोरडा! इंडोनेशियाचा माणूस कोणाले उपाशी ठेवत नाही. दोन शब्द असले तं दोघांतूनही थोडं थोडं घेतो. पेमिलिहान उमुम, म्हणजे सार्वत्रिक निवडणूक. त्याचं काय केलं? पेमिलु!"

हे सगळं खड्ड्यात उभं राहून, डोक्यावर भरलेलं घमेलं ठेवून. ते घमेलं पुढे द्यायचं त्यांना भान नसे आणि मागे आमची रांग ताटकळत राही. खरं सांगतो, मला त्यांचा भयंकर राग यायचा.

सहाव्या दिवशी गावाची पाहणी निघाली. फॉर्म अर्थातच सरांचा, अख्खं कुटुंब चार ओळींत बसवणारा. माझ्या वाट्याला सरुबाईचं घर आलं. मी विचारलं, घरात माणसं किती?

"दोन. मी अन् माहा किसना."

किसना कुठाय?

"कामाले गेला. येईन."

शेजारच्या बाप्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, आठ वर्षं झाली, चिठ्ठी नाही की चपाटी नाही. मी पडलो हुशार. फॉर्मवर 'एक' लिहिलं.

म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण एक आणि दोन तेवढं कळत होतं. तिने माझं मनगटच धरलं. "काऊन बे? मेला का तो? तुले कोनी सांगतलं मेला म्हणून? कागदावरून काढलं तं तो येईन कुठं?" आणि ती ढसाढसा रडायला लागली. माझी पाचावर धारण बसली. पळत जाऊन सरांना घेऊन आलो. म्हटलं, आता ते समजावतील. रात्री घरात झोपतो तोच माणूस धरायचा, हा नियम त्यांचाच होता.

सर ओट्यावर मांडी घालून बसले. 'एक' खोडलं, 'दोन' लिहिलं. मग म्हणाले, "पोराचं पुरं नाव सांग, माय."

किसन इतकं तिने सांगितलं, पण पुढे नवऱ्याचं नाव काही घेईना. ते शेजाऱ्याने पुरवलं. सरांनी सगळं नाव आडनावासकट लिहिलं, एक अक्षर छाटलं नाही. मग वय विचारलं. उंची विचारली. भाकरीसंगं काय आवडते तेही विचारलं. चार ओळी केव्हाच संपल्या होत्या, म्हणून कागद उलटा केला. "ठेच्यावर कच्चं तेल लागते त्याले," म्हातारी डोळे पुसत म्हणाली. सरांनी तेही लिहिलं. मग तिने आम्हाला गुळाचा चहा पाजला.

परत येताना मी म्हटलं, "सर, पण नियम तुमचाच होता."

सरांनी फॉर्मची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मी जाकार्ताले घरी न सांगता गेलतो. सात वर्षं एक कार्ड टाकलं नाही. पहिले राग होता, मंग लाज वाटे. वापस आलो तं रेशनच्या कार्डावर माहं नाव तसंच होतं. रेशनवाले काढा म्हणत, माय काढू देत नव्हती."

"मग काय म्हणाल्या आई?"

"माय कुठची?" सर म्हणाले. "तिचं नाव कापलं होतं. कार्डावर मी एकटाच होतो."