धामणकरकाकांचं गळकं ऊन

धामणकरकाकांकडे गेलं की हातात उकडलेला बटाटा मिळायचा. अर्धकच्चा.

"खा आणि खरं सांग. मधे कडक लागतोय ना?"

लागतोय म्हटलं की काका जमिनीकडे बोट रोखायचे. "चोर! ही जमीन चोर आहे गं!"

मुलुंडच्या आमच्या सोसायटीमागे जमिनीत बांधलेली एक पडीक टाकी होती. कारखान्याच्या बॉयलर खात्यातून निवृत्त झालेल्या काकांनी तिचं सौर तळं केलं. तळाशी मिठागरातल्या जाड्या मिठाचं दाट पाणी, त्यावर अलगद सोडलेलं गोडं. खारं पाणी जड, ते तापलं तरी वर येत नाही, म्हणून उन्हाची ऊब तळाशीच कोंडते. त्यात डब्यातून सोडलेले बटाटे शिजायला हवेत. पण ऊब टाकीच्या भिंतींतून आजूबाजूच्या मातीत पळायची. काका मातीवर तळहात ठेवून, पोराचा ताप बघावा तसे पुटपुटायचे, "गळतंय. इथेही गळतंय."

मी तेव्हा थर्माकोलविरोधी पत्रकं वाटायचे. आणि काकांना ऊब अडवायला भिंतीलगत पुरायला हवा होता नेमका थर्माकोल! विसर्जन झालं की काका दारोदारची मखरं उचलायचे.

"काका, लाज नाही वाटत?"

"तू बंदी आणलीस तर मी मखरं कुठून आणू? जरा थांब ना, यार!"

सत्तरीचा माणूस मला यार म्हणायचा. आज इतक्या मोर्च्यांत फिरते, पण इतक्या मायेने भांडणारं कोणी भेटत नाही.

मग आमचे सेक्रेटरी सावे, त्यांना तिथे पार्किंग हवं झालं. मी खवळले. पोरांना खेळायला जागा नाही आणि गाड्यांना शेड! घरोघर फिरून सह्या घेतल्या. शेवटी सावे सभेत म्हणाले, "एक बटाटा नीट शिजवून दाखवा. टाकी तुमची."

काकांनी तीन बाजू खणून थर्माकोल भरला. चौथी तशीच सोडली.

"काका, वाट लागेल! तीच सगळ्यात जास्त गळते!"

"राहू दे ती."

सगळ्यांसमोर सावेंनी बटाटा चावला. मधे कडक. आठवड्याभरात टाकीत डेब्रिज पडलं.

"हट्टापायी घालवलंत!" मी काकांवर ओरडले.

"सावेंची आई सकाळी कुठे बसते गं?" त्यांनी विचारलं.

त्याच चौथ्या बाजूला. गुडघे धरलेल्या माई थंडीत तिथे खुर्ची टाकायच्या, सपाता काढून मातीवर पाय टेकायच्या. "ही जागा भारी आहे हो," म्हणायच्या. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. काका शेजारच्या कट्ट्यावर पेपर उघडून बसायचे. पान उलटताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

"मग सभेत बोलायचं ना! थांबा, आत्ता पत्रक काढते. सावेंना कळू दे!"

"खबरदार! त्यांच्यासाठी गळू दिलं, हे कळलं तर त्या पुन्हा कधी इथे बसायच्या नाहीत."

मी पत्रक काढलं नाही. आयुष्यात एवढं एकच.

थंडी आली. पार्किंगच्या कडेला उरलेल्या मातीच्या पट्ट्यावर माईंनी खुर्ची टाकली, पाय टेकले आणि लगेच उचलले.

"यंदा जमीन गार कशी हो, धामणकर?"

"थंडीच जास्त आहे यंदा, माई," काका म्हणाले. मग कट्ट्यावरून उठले, हातातल्या पेपरची जाड घडी केली आणि वाकून ती त्यांच्या पावलांखाली सरकवली.